धुराच्या दिवसांतली तीन वाक्यं

आज सकाळी तुळशीवर राख होती. फार नव्हती. पोळ्या लाटून झाल्यावर पोळपाटाभोवती पीठ उरतं ना, तेवढीच. मी बोटानं एक पान पुसलं आणि बोटाला करडा डाग लागला.

"कुणीतरी बार्बेक्यू केला असेल," मी म्हणालो.

"सकाळी सात वाजता?" मेधानं आतून विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती कपाटातून तो चौकोनी पंखा काढत होती. हीटरचा फिल्टर त्याला चिकटपट्टीनं डकवला की आमच्याकडे हवा शुद्ध करायचं यंत्र तयार होतं. तीस वर्षांच्या संसारात तिच्या हातांनी माझ्या तोंडाच्या आधी निर्णय घेतलेले आहेत, हा त्यातलाच एक.

सनीव्हेलमध्ये ऋतू नाहीत अशी आमच्या भारतातल्या नातेवाइकांची समजूत आहे. बाराही महिने ऊन आणि बाराही महिने हाफ पँट. पण इथे एक ऋतू येतो, आणि तो कॅलेंडरवर नसतो. सप्टेंबर संपता संपता डोंगरावरचं गवत जायफळाच्या रंगाचं होतं. वारा उलटा, पूर्वेकडून वाहायला लागतो. गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसतो. ओठ फुटतात. मग एका सकाळी दुधाला विरजण लागावं तसं आभाळ घट्ट होतं, आणि सगळं गाव फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघत बसतं. हिरवा चांगला, मग पिवळा, नारिंगी, लाल आणि सगळ्यात वाईट जांभळा. जांभळा रंग मला पूर्वी आवडायचा.

मी स्वभावानं घाबरट आहे. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण माझा धंदाच तो आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. म्हणजे, कुठे काय बिघडू शकेल याची दिवसाचे आठ तास कल्पना करतो. ऑफिसात याला अनुभव म्हणतात. घरी मेधा याला "झालं याचं सुरू" म्हणते.

पण धुराचा वास आला की मला भीतीच्याही आधी एक परकी भाषा आठवते. आज तुळशीचं पान हातात धरून मी पुटपुटलो, "वा आगल ओरम."

आतून मेधा म्हणाली, "माझ्यावर पण."

*

इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात एक लहानसं बेट आहे, आइल ऑफ मॅन. तिथली जुनी भाषा म्हणजे मँक्स. बोलणारे थोडे आहेत, शिकणारे त्याहून थोडे. तीन वर्षांपूर्वीच्या त्या धुराच्या दिवसांत त्या थोड्यांमध्ये मी होतो. का होतो, तर गणपूर्तीसाठी.

आमची मुलगी सई तेव्हा चोवीस वर्षांची होती. पश्चिमेकडच्या डोंगरात रेडवूडच्या झाडांत एक गाव आहे. तिथल्या शाळेत ती शिकवायला लागली होती. आमच्यापासून तास-सव्वा तासाचा रस्ता. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात तिनं खोली घेतली होती. बाईंचं नाव मोना. मेधानं ऐकताक्षणी विचारलं, "मोना? कुठली गं, आपलीच?" आपली नव्हती. त्या बेटावरच्या होत्या, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेल्या. वय एकोणऐंशी. सई त्यांना नुसतं मोना म्हणायची. मला एकोणऐंशी वर्षांच्या बाईला नुसतं नाव घेऊन हाक मारणं जमेना, म्हणून आमच्या घरात त्या मोनामावशी झाल्या. त्यांच्या आजीनं त्यांना लहानपणी मँक्समध्ये रागावलेलं त्यांना आठवत होतं. काय रागावली ते आठवत नव्हतं. ते कळावं म्हणून साठाव्या वर्षी पुस्तकं आणि जुन्या रेकॉर्डिंग्ज जमवून त्या ती भाषा शिकल्या, आणि आता गावातल्या लायब्ररीतर्फे दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता व्हिडिओवर इतरांना शिकवत होत्या. पाच विद्यार्थी असले तरच वर्ग. होते चार, त्यातली एक सई.

"बाबा, प्लीज जॉइन कर ना यार," सई फोनवर म्हणाली. "क्लास कॅन्सल होईल. शी विल बी सो सॅड."

"मला काय करायचंय ते शिकून?"

"काही नाही. तू जस्ट पाचवा हो."

खरं कारण मेधाला माहीत होतं. सई डोंगरात गेल्यापासून आमचं फोनवरचं बोलणं आटत चाललं होतं. मी म्हणायचो, "गाडीत पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नकोस. दाराला कडी लाव. ती बॅग भरून ठेवलीस का, पासपोर्ट, मास्क, पाणी?" ती म्हणायची, "आय नो, बाबा." मी म्हणायचो, "नुसतं आय नो नको." ती म्हणायची, "ओके, बाय."

"तू तिच्याशी बोलत नाहीस," मेधा एकदा म्हणाली, "विमान उडायच्या आधी त्या हवाई सुंदऱ्या करतात ना, तसं करतोस. आणीबाणीच्या वेळी दरवाजे इकडे, इकडे आणि इकडे."

तेव्हा मी पाचवा झालो.

*

वर्तमानकाळ आम्ही सप्टेंबरात उरकला. भूतकाळ ऑक्टोबरात सुरू झाला, आणि मला त्या भाषेचं प्रेमच लागलं. एक तर "मी"ला तिथेही "मी"च म्हणतात. पन्नाशी उलटलेल्या माणसाला परक्या भाषेत स्वतःचा "मी" जागच्या जागी सापडावा, यापेक्षा मोठा दिलासा नाही. आणि दुसरं म्हणजे, भूतकाळात जायला त्यांचा सोपा रस्ता आहे. "रेन" म्हणजे केलं. रेन पुढे मी, त्यापुढे काय केलं ते. रेन मी ग्यू टे, म्हणजे मी चहा पिणं केलं. रेन मी कॅडला, मी झोपणं केलं. उच्चार माझ्या कानाला ऐकू आले तसे लिहितोय. मोनामावशींनी हे वाचलं तर त्या चष्मा काढून डोळे मिटतील.

पण बघा ना! ड्राइव्ह केलं, कॅन्सल केलं, पार्क केलं, असं मराठी बोलतो म्हणून पुण्याच्या काकांनी मला लग्नात चारचौघांत झापलं होतं. इथे अख्खं बेट तेच करत होतं. मी हे वर्गात उत्साहानं सांगितलं. मोनामावशी म्हणाल्या, "जुनी, धडधाकट क्रियापदंसुद्धा आहेत आमच्याकडे. हे आळशी लोकांसाठी आहे. तुम्हाला छान जमेल, डिलिप."

गृहपाठ असा होता: जोड्या करायच्या आणि रोज संध्याकाळी एकमेकांना तीन वाक्यांचा मेसेज पाठवायचा, आज काय केलं त्याचा. पाचांत एक उरायचा, तो मावशींबरोबर. माझी जोडी अर्थातच सईबरोबर.

अडचण अशी की आम्हाला क्रियापदं येत होती सात-आठ. त्यात माणसाचा दिवस मावत नाही. बग शोधला, मॅनेजरशी वाद घातला, गुडघ्याला तेल लावलं, यातलं काहीच मँक्समध्ये मला सांगता येईना. हे मी वर्गात मांडलं.

"वाक्य बरोबर असलं पाहिजे," मोनामावशी म्हणाल्या. "खरं असण्याची सक्ती नाही. खरं आपण दुसऱ्या सत्रात बघू."

दुसऱ्या सत्रात बऱ्याच गोष्टी होत्या. भविष्यकाळ होता. कॉफी होती. पहिल्या सत्रात फक्त चहा. सईनं कुरकुर केली, कारण ती चहाला शिवत नसे. चोवीस वर्षं आमच्या घरात आल्याचा वास घेत वाढली आणि कॉफी प्यायला लागली, हा मेधाला आजही वैयक्तिक पराभव वाटतो. पण मावशी ठाम होत्या. आधी चहा.

मग मी सुटलोच. रेन मी रॉय, मी धावलो. रेन मी गी ईस्ट, मी मासे खाल्ले. हाय मी टाय, मी घरी गेलो. मी सोफ्यावर आडवा असायचो, पोटावर चिवड्याची वाटी, आणि बोटांनी लिहायचो, मी धावलो. आयुष्यात पहिल्यांदा मला एक अशी भाषा मिळाली होती, जिच्यात मी तंदुरुस्त होतो. मेधा डोकावून विचारायची, "आज किती धावलास?" मी म्हणायचो, "किती, हे अजून शिकवलं नाही."

आणि रोज सहाच्या सुमाराला डोंगरातून तीन वाक्यं यायची. मी शाळेत गेले. मी गायले. मी चहा प्यायले. मला माहीत होतं की चहा खोटा आहे. तरी मी ती वाक्यं जेवताना पुन्हा पुन्हा काढून बघायचो.

हळूहळू मला काहीतरी लक्षात आलं. या भाषेत मला आज्ञा करता येत नव्हती. "कडी लाव" येत नव्हतं, "जाऊ नकोस" येत नव्हतं, "तुला सांगितलं होतं ना" तर नाहीच नाही. एवढंच विचारता येत होतं, की आज तू काय केलंस? मराठीत ती तोतरी होते, इंग्रजीत मी होतो. मँक्समध्ये आम्ही दोघंही दोन वर्षांचे होतो, आणि दोन वर्षांची पोरं एकमेकांना उपदेश करत नाहीत.

माझी सगळी भीती भविष्यकाळात राहते. होईल, पडेल, लागेल, जळेल. भूतकाळात ती कधी राहायला आल्याचं मला आठवत नव्हतं. जे झालं ते झालं. गेले, गायले, प्यायले. रोज संध्याकाळी तीन वाक्यांपुरता मी निर्भय माणूस होतो.

आगीच्या आधीच्या मंगळवारी मावशींनी भीती शिकवली. त्या दिवशीही वारा सुटलेला होता आणि त्यांच्यामागे खिडकीत फांद्या हलत होत्या. "आमच्याकडे माणूस घाबरत नाही," त्या म्हणाल्या. "भीती त्याच्यावर असते. वा आगल ओरम. माझ्यावर भीती होती." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "कोटासारखी. अंगात नाही, अंगावर. पाठांतर करा."

मी केलं. ते मला पहिल्या फटक्यात आलं. तोंडपाठ असलेल्या गोष्टीचा नुसता अनुवाद करायचा होता.

*

गुरुवारी सकाळी अकरा वाजता आभाळ नारिंगी झालं. झेंडूचा नारिंगी नव्हे. जुन्या औषधाच्या बाटलीची काच डोळ्याला लावून बघावं तसा. भर दिवसा रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले. पक्षी गप्प झाले. खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर राख पडत होती, आवाज न करता, घाई न करता.

सईच्या गावाला इव्हॅक्युएशन वॉर्निंग होती. म्हणजे निघायची तयारी ठेवा. त्यापुढची पायरी ऑर्डर, म्हणजे निघा. वाऱ्यात तारांतून ठिणगी पडू नये म्हणून डोंगरातली वीज आधीच बंद केलेली. मी फोन लावला. लागला नाही. चौदा वेळा लावला. चौदाही वेळा एका यांत्रिक बाईनं मला शांतपणे सांगितलं की संपर्क होत नाही. माझ्याहून चांगली हवाई सुंदरी होती ती.

मी मेसेज लिहिला, "निघ." पुसला. "निघालीस का?" पुसला. शेवटी सगळंच पाठवलं: निघ, बॅग घे, मास्क लाव, मावशींना घे, मोठ्या रस्त्यानं ये, थांबू नकोस. एकाही मेसेजखाली पोचल्याची खूण उमटेना.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला. तीन वाक्यं होती.

हाय मी टाय. रेन मी ग्यू टे. रेन मी कॅडला.

"मेधा!" मी ओरडलो. "आला! मेसेज आला! घरी गेली, चहा प्यायली आणि झोपली!"

मेधा हात पुसत बाहेर आली. तिनं ती वाक्यं पाहिली. तिला मँक्स येत नाही. तिनं फक्त माझं भाषांतर ऐकलं.

"कोणत्या घरी?" ती म्हणाली.

मी पहिलं वाक्य पुन्हा वाचलं.

"आणि सई चहा कधीपासून प्यायला लागली?"

त्या क्षणी जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. पंखा चालू होता, फिल्टर खरखरत होता, आणि मी फोन टेबलावर ठेवून दिला. कारण ही वाक्यं मला ओळखीची होती. ही माझी वाक्यं होती. सोफ्यावर आडवं पडून, चिवडा खात, धावलो म्हणून लिहिणाऱ्या माणसाची. बरोबर होती, अगदी निर्दोष. आणि त्यातलं एकही खरं असण्याची सक्ती नव्हती. बाप घाबरट आहे, बापाला तीन वाक्यं टाकली की बाप गप्प बसतो, हे तिला महिन्याभरात कळलं होतं. मीच शिकवलं होतं.

मी तरी उलट लिहिलं, मराठीत, "सई, खरं सांग." ते पोचलंच नाही.

तीन वाजता ऑर्डर निघाली.

*

डोंगरातून येणारा रस्ता जिथे सपाटीला लागतो, तिथे एका दुकानाचं मोठं पार्किंग आहे. वर जाणारी वाहतूक पोलिसांनी अडवली होती, फक्त खाली येणाऱ्या गाड्या सोडत होते. आम्ही साडेचारला तिथे पोचलो. आमच्यासारखे आणखी पुष्कळ होते. मास्क लावून, गाड्यांना टेकून, सगळ्यांची तोंडं एकाच वळणाकडे. मेधानं निघताना थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पोहे भरून घेतले होते. आग लागो नाही तर पूर येवो, आमच्या घरातून बाहेर पडताना डबा लागतो.

दिवे लावलेल्या गाड्या त्या वळणावरून एकेक करून उतरत होत्या. टपावर गाद्या, सायकली, एकीवर लाकडी पाळणा. एका ट्रकमध्ये घोडा होता. सईची गाडी निळी आहे. त्या तपकिरी उजेडात प्रत्येक गाडी आधी निळीच वाटायची, मग जवळ आली की नसायची. काळी असायची, हिरवी असायची. माझ्या मनात दर गाडीला एक वाक्य तयार व्हायचं आणि मी ते दाबून टाकायचो. ती सगळी वाक्यं भूतकाळातली होती. सईला कॉफी आवडायची. सई शाळेत शिकवायची. जो काळ मला महिनाभर सुरक्षित वाटत होता, त्याचं दुसरं तोंड मी तिथे पार्किंगमध्ये उभा राहून पाहिलं.

"अरे, बस जरा गाडीत," मेधा म्हणाली. तिचा आवाज मास्कमधून लांबचा वाटला. ती स्वतः बसली नव्हती. तिनं माझ्या शर्टाची बाही मुठीत धरलेली होती आणि ते तिला माहीत नव्हतं.

सहा वाजायला आले होते. आमच्या गृहपाठाची वेळ. फोनवर काही नव्हतं. वळणावरून दोन गाड्या आल्या, मग बराच वेळ एकही आली नाही. अडथळ्याजवळचा पोलीस रेडिओवर काहीतरी बोलला आणि त्यानं मान हलवली. ती मान कशासाठी हलली ते मला विचारायचं होतं. पण वळणावरून नजर काढवेना.

आणि मग एक निळी गाडी आली, आणि जवळ येऊनही निळीच राहिली.

पुढच्या सीटवर मोनामावशी होत्या, मांडीवर कपडे धुवायची प्लॅस्टिकची टोपली, तिच्यावर दुसरी टोपली उपडी आणि मध्ये कोंबड्या. मावशींच्या पाच कोंबड्या होत्या. त्यांची नावं मँक्समध्ये एक, दोन, तीन, चार, पाच अशी, म्हणजे विद्यार्थ्यांना आकडे पाठ व्हावेत. टोपलीत चार होत्या. सईचे केस राखेनं पांढरे झाले होते. क्षणभर मला ती म्हातारी झाल्यावर कशी दिसेल ते दिसलं, आणि मी मनात म्हणालो, हो, एवढंच मागणं आहे.

मेधानं गाडीचं दार उघडून तिला बाहेर ओढलंच. सईच्या हातांवर चोचींचे ओरखडे होते.

"शी वुडन्ट लीव्ह विदाउट देम, आई," सई म्हणत होती. "कोंबड्या घाबरून घराच्या खाली शिरल्या. तीन तास यार, तीन तास आम्ही... आणि पाचवी मिळालीच नाही." मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, आय नो. मी खोटं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तू वर आला असतास."

आलो असतो. वाटेतल्या प्रत्येकाला सूचना देत आलो असतो.

मी बोलायला तोंड उघडलं. तयारी भरपूर होती. चोवीस वर्षांत न दिलेल्या सगळ्या सूचना घशाशी आल्या होत्या. तेवढ्यात मोनामावशींनी गाडीची काच खाली केली. त्यांचा आवाज खरवडलेला होता, चष्म्याची एक काच काजळलेली होती. त्या मला मँक्समध्ये म्हणाल्या, "क्रे रेन ऊ जू?"

आज तू काय केलंस?

मला तीन वाक्यं द्यायची होती. धावलो येत होतं, मासे खाल्ले येत होतं. तोंडातून एकच आलं.

"वा आगल ओरम."

सई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मावशींनी मान डोलावली. "उच्चार वाईट आहे," त्या म्हणाल्या. "पण खरं आहे. तुम्ही दुसऱ्या सत्रात गेलात."

मग मेधानं सगळ्यांना चहा ओतला. सईनं थर्मासचं झाकण दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा चहा प्यायली. पुन्हा पुढे केलं.

"बाबा," थोड्या वेळानं ती म्हणाली, "तू पण धावत नव्हतास ना?"

"नाही."

"आय न्यू इट. त्या हवेत कोण धावेल!"

*

मोनामावशी आमच्याकडे तीन आठवडे राहिल्या. कोंबड्या बाल्कनीत, तुळशीशेजारी. अपार्टमेंटच्या मॅनेजरबाई आल्या तेव्हा मेधानं त्यांना सांगितलं की चौघी पाहुण्या आहेत, लवकरच जातील. आणि त्या बाईंनी, देव त्यांचं भलं करो, चौघींकडे बघून फक्त नावं विचारली.

मावशींच्या घराचं शनिवारी कळलं. राहिलं नव्हतं. जिना उरला होता, वर काहीही नसलेला.

पुढच्या मंगळवारी मावशींनी वर्ग घ्यायचाच म्हटलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर माझ्या लॅपटॉपसमोर बसल्या, मेधाची शाल पांघरून. नेहमीचा फळा नव्हता, म्हणून पोळ्यांच्या डब्याला कागद टेकवून त्यावर त्यांनी दिवसाचं वाक्य लिहिलं. वा टाय एम. माझ्याजवळ घर होतं.

"माझ्यामागून म्हणा," त्या म्हणाल्या.

पडद्यावरच्या तिघांनी हळू आवाजात म्हटलं. माझ्या शेजारी बसलेल्या सईनं म्हटलं. माझ्या तोंडून निघेना. मावशी थांबल्या. त्यांनी माझी बराच वेळ वाट पाहिली, रागावल्या नाहीत, पुढेही गेल्या नाहीत. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. शेवटी मी म्हटलं, आणि म्हटल्यावर कळलं की त्या वाक्याला आम्हा सगळ्यांचा थोडा थोडा आवाज हवा होता. एकट्या मावशींना ते उचललं नसतं.

आता त्या आणि सई डोंगराच्या पायथ्याकडे, पण अजून झाडांतच, एका भाड्याच्या घरात राहतात. सईची शाळा तीच. मी खूप सांगून पाहिलं. म्हणजे, मराठीत सांगून पाहिलं. दुसरं सत्र झालं. त्यात कॉफी आली, पण तोवर सई मेधासारखं आलं ठेचायला लागली होती. भविष्यकाळही आला. त्या मंगळवारी माझं डोकं दुखत होतं. मी अजूनही भूतकाळातच राहतो, आणि नियम बदललाय. तीन वाक्यं रोज, सगळी खरी. हे फार अवघड आहे. कित्येक दिवस खरं असं एकच निघतं. परवा मी नुसतं लिहिलं, बसलो. तिनं उत्तर दिलं, मीही.

*

तर आज राख होती. सकाळी पिवळा असलेला आकडा दुपारी लाल झाला. आग कुठेतरी दूर उत्तरेला आहे म्हणतात, पण वाऱ्याला कुणी पत्ता सांगितलेला नाही. मी ऑफिसचा कॉम्प्युटर उघडून बसलो आणि एकही बग सापडला नाही, कारण मी बघतच नव्हतो. अकरा वेळा फोन हातात घेतला. निघ. बॅग. मास्क. पेट्रोल. अकरा वेळा खाली ठेवला. मेधा ये-जा करत होती. एकदा थांबून म्हणाली, "कर ना फोन."

"नको. काही आलं तर तिलाच कळेल आधी. ती शिकवते शाळेत शंभर पोरांना, आग लागली की बाहेर कसं पडायचं ते."

"बापरे," मेधा म्हणाली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

सहाला पाच कमी असताना पहिलं वाक्य आलं. वा आगल ओरम. माझ्यावर भीती होती. मी उठून उभा राहिलो. दुसरं आलं, हाय मी... आणि मला न येणारे दोन शब्द, म्हणजे मावशींनी काहीतरी नवीन शिकवलं होतं. कुठे गेली? कुठे जायला निघाली होती? मग ते तीन ठिपके, कुणीतरी लिहीत असल्याचे. येत होते, जात होते. ठिपके थांबले. खिडकीबाहेर आभाळ पुन्हा त्या औषधाच्या बाटलीच्या रंगाकडे झुकत होतं. मी तीन वर्षांपूर्वीच्या अगदी त्याच जागी उभा होतो. मेधानं बाही धरली.

तिसरं वाक्य आलं.

हेंक मी. मी आले.

आले, कुठे? पण नियम आता बदललाय ना. सगळी खरी. मी बाल्कनीत गेलो. खाली पार्किंगमध्ये एक निळी गाडी आडवीतिडवी लावलेली होती, माझ्यासारख्या माणसाला मनस्ताप व्हावा अशी. मोनामावशी टोपली सांभाळत उतरत होत्या. टोपलीत कलकलाट चालला होता. सई मान वर करून आमचा मजला शोधत होती. तिला कुणी ये म्हणून सांगितलं नव्हतं.

लिफ्टची वाट बघण्याइतका धीर माझ्यात नव्हता. चौथ्या मजल्यावरून, घरातल्या चपलांत, गुडघ्यांचं न ऐकता मी जिना उतरलो. मागून मेधा ओरडत होती, अरे पडशील, कठड्याला धर.

रेन मी रॉय. आज हे खरं आहे.